संन्यासी खेकड्याला बिस्किट नको, घरचे अळणी अन्न हवे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मुलांच्या पानावर घरात पाळता येतील अशा लहान प्राण्यांविषयी एक टिपण गेल्या महिन्यात आले होते. शंखात राहणाऱ्या आणि दुकानदार ज्याला हर्मिट क्रॅब म्हणून विकतात त्या संन्यासी खेकड्याविषयी त्यात चारच ओळी होत्या. परंतु हा प्राणी काहीही खातो, बिस्किटाचा चुरा, कुरमुरे किंवा दुकानातल्या तयार गोळ्या दिल्या तरी त्याचे भागते, असा त्यांचा अर्थ होता. हा सल्ला चुकीचा आहे. उन्हाळ्याच्या सुटीत हे खेकडे विकत घेणाऱ्या कुटुंबांपर्यंत तो तसाच पोहोचू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, तरी ते शक्य तितके पूर्ण छापावे, अशी विनंती आहे.

मी अंबाजोगाईत राहते आणि शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या जावयांनी नातवाच्या वाढदिवसाला छत्रपती संभाजीनगरमधील एका दुकानातून असे दोन खेकडे आणले. एका लहानशा प्लास्टिकच्या डब्यात थोडी रंगीत खडी, पाण्याने भिजवलेला स्पंज आणि खाद्याची एक पुडी, एवढेच सोबत मिळाले होते. नातू सुटी संपल्यावर पुण्याला गेला आणि खेकडे माझ्याकडे राहिले. मी त्यांना पुडीतल्या गोळ्या आणि अधूनमधून बिस्किटाचा तुकडा देत गेले, आणि चाळिसाव्या दिवशी त्यांतला लहान खेकडा शंखाबाहेर लोंबकळलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. आयुष्यभर मुलांना संधिपाद प्राण्यांचा धडा शिकवणाऱ्या माझ्यासारखीने त्या जिवाला काय लागते हे आधी पाहिले नाही, याचे दुःख आजही आहे. दुसरा खेकडा मात्र जगला, आणि पुढे लिहिलेले बहुतेक सर्व काही मी त्याच्यासाठी शिकले.

मुळात हा प्राणी कोण, हे आधी सांगायला हवे. आपल्या नदीनाल्यांत सापडणाऱ्या खेकड्यासारखे याचे सर्वांग कठीण नसते. याचे पोट मऊ आणि वळलेले असते, म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख पाठीवर घेऊन फिरतो आणि वाढेल तसा मोठा शंख शोधतो. जमिनीवर राहणाऱ्या या जातींची पिल्ले मात्र समुद्राच्या पाण्यातच जन्मतात, तिथे अवस्था पार करतात आणि मग इवलासा शंख शोधून किनाऱ्यावर येतात. बंदिस्त जागेत हे सगळे घडवणे अत्यंत अवघड असल्यामुळे विक्रीला येणारे जवळजवळ सगळे खेकडे किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. नैसर्गिक स्थितीत तीस वर्षांहूनही अधिक जगू शकणारा हा जीव आपल्या घरांत काही महिन्यांत मरतो, आणि त्याला कोरड्या हवेइतकेच चुकीचे अन्नही कारणीभूत असते. (कोकणात सहलीला गेलेली मुले खडकांतल्या डबक्यांतून बाटलीत भरून आणतात ते शंखवाले खेकडे बहुधा पाण्यातच राहणाऱ्या जातींचे असतात. घरापर्यंतच्या प्रवासातच त्यांचे हाल होतात, म्हणून त्यांना जिथल्या तिथे सोडून द्यावे, एवढेच त्यांच्याबाबत सांगता येईल.)

किनाऱ्यावर हा खेकडा रात्री बाहेर पडतो आणि गळून पडलेली फळे, कुजलेला पाला, भिजून मऊ झालेले लाकूड, वाहून आलेले शेवाळ, मेलेले मासे आणि किडे असे नाना प्रकारचे अन्न थोडे थोडे खातो. 'काहीही खातो' हे वाक्य या अर्थाने खरे आहे. पण रोज वेगवेगळे काहीतरी खाणे आणि रोज एकच बिस्किट खाणे यांत फार मोठा फरक आहे. बिस्किटात मीठ, साखर, मैदा आणि खाण्याचा सोडा असतो. खेकड्याला कवचासाठी लागणारे चुन्याचे तत्त्व आणि कायटिन, स्नायूंसाठी लागणारी प्रथिने, रंगासाठी लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये यांतले त्यात जवळजवळ काहीच नसते.

तयार गोळ्यांबाबत माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही पॅकबंद खाद्यांच्या पुडीवरील घटकांच्या यादीत इथॉक्सिक्विन हे टिकाऊपणासाठी घातलेले रसायन आणि कॉपर सल्फेट ही नावे आढळतात. पशुखाद्यातील इथॉक्सिक्विनच्या वापराला असलेली परवानगी युरोपीय महासंघाने २०१७ मध्ये स्थगित केली. कॉपर सल्फेट म्हणजे तर आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा मोरचूद. मोसंबी आणि द्राक्षांच्या बागांत बोर्डो मिश्रणासाठी तो वापरला जातो. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोसायनिन या द्रव्यात तांबे असते, म्हणून त्याला तांब्याची अत्यल्प गरज असते हे खरे. परंतु ते विविध अन्नातून मिळून जाते, आणि प्रमाण वाढले की तेच तांबे कवचधारी प्राण्यांना विषासारखे बाधते. ज्या खाद्यावर घटकच छापलेले नाहीत ते तर मुळीच घेऊ नये.

आता घरच्या अन्नाविषयी. ते करण्यासाठी परदेशी वस्तू मागवाव्या लागतात असा समज इंग्रजीतील माहिती वाचून होतो, कारण तिथे ओक आणि मेपलची पाने, क्विनोआ, ओट अशी नावे भेटतात. माझा अनुभव असा की आपल्या आठवडी बाजारात आणि परसात यांतल्या जवळपास प्रत्येक वस्तूला पर्याय आहे. नागपंचमीला आपण ज्वारीच्या लाह्या फोडतो, त्याच लाह्या मिठाशिवाय फोडून भरड दळल्या की कोरड्या मिश्रणाचा पाया तयार होतो. त्यात एकादशीच्या राजगिऱ्याच्या लाह्या, थोडे तीळ, थोडा जवस आणि दोनचार कच्चे शेंगदाणे घालता येतात. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरला की चुन्याचे तत्त्व आणि इतर खनिजे मिळतात, आणि मराठवाड्यात शेवग्याचे झाड नाही अशी गल्ली विरळाच. झेंडूच्या पाकळ्या, जास्वंदीच्या पाकळ्या, किसून वाळवलेले गाजर आणि पिवळा मका यांतून रंगद्रव्ये येतात. ही रंगद्रव्ये खेकडा स्वतःच्या शरीरात मुळापासून तयार करू शकत नाही, अन्नातून आलेली द्रव्येच तो वापरतो, त्यामुळे ती मिळेनाशी झाली की कात टाकल्यावर त्याचा रंग फिका पडत जातो. दसऱ्याला बाजारातून आणलेला झेंडू मात्र वापरू नये, कारण त्यावर फवारणी झालेली असू शकते. कुंडीत स्वतः लावलेला झेंडूच घ्यावा.

अंड्याचे टरफल ही या प्राण्यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू आहे. त्यात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. टरफले दहा मिनिटे उकळून, उन्हात कडकडीत वाळवून खलबत्त्यात कुटावीत. थोडी पूड मिश्रणात घालावी आणि थोडे जाडसर तुकडे वेगळ्या वाटीत ठेवावेत, म्हणजे त्याला हवे तेव्हा तो खाईल. इंग्रजीत ज्याला कटलबोन म्हणतात आणि पाळीव पक्ष्यांच्या दुकानात जे महाग मिळते, ते म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानातले समुद्रफेन. मला ते आमच्या गावातल्या जुन्या दुकानात सहज मिळाले आणि एक तुकडा कित्येक महिने पुरला.

यानंतर येते ती सुकट, आणि इथे अनेक घरांत अडचण उभी राहते. सुकट किंवा जवळा म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. ती कवचासकट खाल्ली जाते, त्यामुळे तिच्यातून प्रथिने, चुना, कायटिन आणि ॲस्टाझँथिन हे लालसर रंगद्रव्य अशा चार गोष्टी एकाच वेळी मिळतात. मी स्वतः माळकरी आहे. पन्नास वर्षांत माझ्या घरात मासळी आली नव्हती, आणि शेजारणीकडून सुकट मागून आणताना मला संकोच वाटला हे मी लपवत नाही. परंतु हा जीव निसर्गतः मेलेले मासे आणि किडे खाऊन जगतो, त्याला मी त्याच्या इच्छेविरुद्ध माझ्या घरात ठेवले आहे, आणि माझे व्रत त्याच्यावर लादण्याचा मला अधिकार नाही, या निर्णयाला मी आले. सुकटीचा डबा मागच्या पडवीत वेगळा असतो, तिचा चमचा वेगळा असतो, आणि तेवढे पाळून माझ्या मनाला बोचणी राहिलेली नाही. ज्यांना हे खरोखरच शक्य नाही त्यांनी उकडलेले अंडे द्यावे. अंडेही चालत नसेल तर अळिंबीतून थोडे कायटिन आणि डाळींतून थोडी प्रथिने मिळतील, पण ते सुकटीची बरोबरी करणार नाही. अशा घरांनी हा प्राणी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुकट वापरताना ती खारवलेली नाही ना, हे विकणाऱ्याला विचारून घ्यावे आणि तरीही दोनदा पाण्यात भिजवून, धुऊन, पुन्हा वाळवून मगच दळावी.

माझे प्रमाण असे आहे: ज्वारीच्या लाह्यांची भरड दोन वाट्या, राजगिऱ्याच्या लाह्या अर्धी वाटी, वाळलेला शेवग्याचा पाला अर्धी वाटी, सुकटीची पूड अर्धी वाटी, टरफलाची पूड दोन चमचे, तीळ आणि जवस एकेक चमचा, आणि मूठभर वाळलेल्या पाकळ्या. एकट्या खेकड्याला हे फार होते, म्हणून मी आता याच्या पाव प्रमाणात करते. तीळ, जवस आणि शेंगदाणे आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर खवट होतात, त्यामुळे ते आधीच दळून मिश्रणात न घालता देण्याच्या दिवशी चिमूटभर कुटून घालावेत, आणि मिश्रणाचा डबा फ्रीजमध्ये ठेवून महिनाभरात संपवावा. दळण्यासाठी स्वयंपाकाचे मिक्सरचे भांडे घेऊ नये. येसर किंवा लसणाची चटणी दळलेल्या भांड्याला कितीही घासले तरी मसाल्याचा अंश राहतो, आणि कांदा, लसूण, मिरची, मीठ यांतले काहीही या अन्नात जाता कामा नये. मी जुना खलबत्ताच त्यासाठी वेगळा ठेवला आहे.

कोरड्या मिश्रणाच्या जोडीला रोज काहीतरी ओले द्यावे: ओल्या खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा, पिकलेली पपई, केळे, आंबा, काकडी, उकडलेला भोपळा किंवा रताळे, कधी बिनमिठाच्या उकडलेल्या माशाचा कण. माझ्या खेकड्याला खोबरे सर्वांत प्रिय आहे. ते ठेवले की दिवा मालवल्यावर पाच मिनिटांत शंख काचेला घासल्याचा आवाज येतो. मोसंबी आणि लिंबू मी देत नाही. सीताफळही देत नाही, जरी आमच्या बालाघाटाच्या डोंगरात ते मुबलक असले तरी. ज्याच्या बियांची पूड आपल्या आज्या उवा मारण्यासाठी वापरत, ते फळ कीटकांच्या भाऊबंदाला देण्याचा धोका इतर फळे असताना कशाला घ्यायचा, असा माझा विचार आहे. प्रमाण अगदी थोडे असावे. एका खेकड्याला एका रात्री चिमूटभर कोरडे आणि हरभऱ्याएवढे ओले अन्न पुरते; ओले अन्न दुसऱ्या दिवशी काढून टाकावे, नाहीतर दमट पेटीत त्याला बुरशी येते आणि चिलटे होतात.

पाल्याबाबत एक आनंदाची गोष्ट सांगते. या खेकड्यांच्या किनाऱ्यांवर देशी बदामाची झाडे असतात, आणि तीच झाडे आपल्याकडे कित्येक शाळांच्या मैदानात आहेत. त्यांची गळून पडलेली, लालसर तपकिरी झालेली मोठी पाने धुऊन, वाळवून पेटीत ठेवली की खेकडा ती कडेकडेने कुरतडतो आणि दिवसा त्यांच्याखाली लपतो. ज्या शाळेत मी शिकवले तिथली पाने मी आजही वेचून आणते.

आपल्या भागात विशेष जपायला हवे ते धान्यावर आणि भाजीवर केलेल्या औषधांना. कीड लागू नये म्हणून आपण कणगीत कडुलिंबाचा पाला घालतो, धान्याला बोरिक पावडर चोळतो, काही जण गोळ्या ठेवतात. कडुलिंबातील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य कीटकांच्या कात टाकण्याच्या प्रक्रियेतच अडथळा आणते, म्हणूनच ते कीडनाशक ठरते. आणि खेकडाही त्याच प्रकारच्या संप्रेरकाच्या आधारे कात टाकणारा प्राणी आहे. त्यामुळे साठवणीच्या धान्यातून त्याच्यासाठी मूठभर काढू नये, औषध न लावलेले वेगळे आणावे. बाजारातली पालेभाजी धुऊनही खात्री वाटत नसेल तर देऊच नये. कपाशी आणि सोयाबीनच्या शेताच्या बांधावरची पाने, फुले आणि नाकतोडे फवारणीच्या दिवसांत कधीही उचलू नयेत.

अन्नाबरोबर पाण्याचा विचार न केल्यास सगळे व्यर्थ आहे. याला दोन वाट्या लागतात, एक गोड्या पाण्याची आणि एक खाऱ्या. खारे पाणी स्वयंपाकाच्या आयोडिनयुक्त मिठाचे चालत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे सागरी मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात घालावे लागते. गोड्या पाण्यात क्लोरीन नसावे, आणि टँकरच्या किंवा नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर घातलेली असतेच. उघड्या भांड्यात एक दिवस ठेवलेल्या पाण्यातले क्लोरीन बरेचसे उडून जाते, किंवा क्लोरीन घालवणारे थेंब दुकानात मिळतात. पाण्याची टंचाई एवढी की २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, अशा प्रदेशात आपण राहतो. तरीही या जिवाला दिवसाला दोन वाट्यांहून अधिक पाणी लागत नाही. हवेतली आर्द्रता मात्र ७५ ते ८० टक्के लागते, कारण तो कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतो आणि ते कोरडे पडले की गुदमरतो. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत उघडा पिंजरा किंवा जाळीचा डबा म्हणजे त्याचा मृत्यूच. काचेची झाकण असलेली पेटी, तिच्यात खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट तरी ओलसर वाळू आणि नारळाचा भुसा, आणि घरातली सर्वांत थंड खोली, एवढे नसेल तर वरचा सगळा स्वयंपाक निरुपयोगी आहे.

वाळू एवढी खोल लागते ती कात टाकण्यासाठी. कात टाकण्यापूर्वी खेकडा भरपूर खातो, पाणी पितो, आणि मग वाळूत शिरून कित्येक आठवडे, मोठा असेल तर काही महिने वर येत नाही. पहिल्या खेपेस मी तो मेला असे समजून वाळू उकरली. तो मऊ, फिकट आणि असहाय असा सापडला, आणि शेजारी पडलेली कात मी घाण समजून काढून टाकली. ती कात त्याचे अन्न असते. नव्या कवचाला लागणारा चुना तो जुने कवच खाऊन परत मिळवतो. त्या वेळी मी टरफलाची पूड आणि सुकट घाईने जवळ ठेवली, तो वाचला, पण त्याचा एक पाय पुढची कात टाकेपर्यंत आखूडच राहिला. म्हणून वाचकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की खेकडा वाळूत गेला की उकरू नये, वरच्या वाटीत कोरडे अन्न आणि पाणी ठेवत राहावे आणि वाट पाहावी. रंगवलेले शंखही घेऊ नयेत. शंखावरचा रंग खेकडे कुरतडून खातात.

महोदय, माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या पुरवणीत त्याच मुलांच्या पानावर त्या चार ओळींची दुरुस्ती प्रसिद्ध करावी, आणि मूल हट्ट करते म्हणून हा प्राणी आणू नये हेही त्यात असावे. दुसरी विनंती आपल्यामार्फत परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांना आणि उदगीरच्याच मत्स्यविज्ञान महाविद्यालयाला आहे. या प्राण्याच्या अन्नपाण्याविषयी मराठीत एक पानाचे माहितीपत्रक त्यांनी तयार केले आणि ते मत्स्यालयाच्या दुकानांतून खेकड्यासोबत देण्याचा आग्रह धरला, तर ज्यांच्या घरी तो आधीच आला आहे त्यांना इंग्रजीत शोधत बसावे लागणार नाही. मी वर दिलेल्या प्रमाणांत त्यांना काही चूक आढळली तर ती त्यांनी जरूर दुरुस्त करावी. मी शिक्षिका आहे, पशुवैद्य नाही.

माझा खेकडा एकोणीस दिवसांपूर्वी वाळूत गेला आहे. वाटीत मिश्रण आणि खोबरे रोज ताजे ठेवते आहे. नातू सुटीला पुढच्या महिन्यात येईल. तोवर तो वर आलेला असावा अशी इच्छा आहे, आणि दुरुस्तीही त्याआधी छापून यावी, कारण खेकड्यांची खरेदी त्याच दिवसांत होते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
अंबाजोगाई, जि. बीड